कायद्याची शंका: मुलांचा ताबा, भेट आणि पोटगी

या अंकासाठी आलेल्या पत्रांत मुलांचा ताबा आणि पोटगी हाच विषय जास्त होता, म्हणून जमिनीचे आणि भाडेकरूंचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलं आहे.

आधी एक खुलासा. मुंबई-पुण्याच्या वकिलांचे व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांनी हिंदू विवाह कायद्याची कलमं लिहून पाठवली आहेत. गोव्यात ज्यांचं लग्न इथल्या नोंदणीखाली झालं त्यांना तो कायदा लागत नाही. इथली लग्नं आणि घटस्फोट १९१० च्या पोर्तुगीज हुकूमांवर चालतात. आईबापांचे मुलांवरचे अधिकार १८६७ च्या नागरी संहितेतून येतात आणि मोजके अपवाद सोडले तर धर्म कोणताही असो, नियम एकच. पोटगीचा दंडाधिकाऱ्यांपुढचा मार्ग आणि घरगुती हिंसाचार कायदा मात्र देशभर सारखाच आहे. रोजच्या गरजेला हेच दोन जास्त उपयोगी पडतात.

प्रश्न : नवरा तारवटी आहे, क्रूझवर असतो. गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) घरात भांडण झालं, तो बोटीवर गेला आणि तेव्हापासून पैसे बंद. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मी डिचोलीला माहेरी आहे, सासर वास्कोला. घटस्फोट मला नको. केस कुठे करायची? त्याचा पगार किती तेही मला नक्की माहीत नाही. (एक आई, डिचोली)

उत्तर : घटस्फोट न मागताही पोटगी मागता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीचं कलम १२५) डिचोलीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. बायको जिथे राहते तिथे अर्ज चालतो आणि माहेरचं राहणंही त्यात येतं, त्यामुळे वास्कोला खेपा घालायची गरज नाही.

अर्जात तुम्ही अर्जदार क्रमांक १ आणि मुलगा तुमच्यामार्फत अर्जदार क्रमांक २, असं लिहा आणि दोघांच्या रकमा वेगळ्या मागा. ‘मला व मुलाला मिळून वीस हजार’ असं मोघम लिहिलं की पुढे त्रास होतो. उद्या नवरा-बायकोत तडजोड झाली, किंवा तुमच्या हक्कावर काही आक्षेप आला, तरी मुलाची रक्कम स्वतंत्र असल्याने ती हलत नाही.

पगार माहीत नसणं ही बहुतेक बायकांची अडचण असते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार आता नवरा-बायको दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याने त्यात आकडा लपवला तर तो उघडा पाडायला तुमच्याकडे काहीतरी हवं. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे ज्या खात्यात त्याची अलॉटमेंट, म्हणजे पगारातून घरी पाठवली जाणारी रक्कम, येत होती त्या पासबुकाची मागची पानं. भांडणाआधी तो दरमहा काय पाठवत होता हे बँकेने स्वतः छापलेलं असतं. त्याशिवाय कंपनीच्या कराराची प्रत किंवा निदान मोबाइलवरचा फोटो, मॅनिंग एजंटचं (बोटीवर भरती करणाऱ्या एजंटचं) नाव आणि पत्ता, सीडीसीचा (तारवट्याच्या नोंदपुस्तिकेचा) नंबर, घराच्या किंवा गाडीच्या कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, जे हाती असेल ते जोडा. एजंटचं नाव कळलं की त्याच्याकडून पगाराची कागदपत्रं मागवण्याचा अर्ज न्यायालयात देता येतो.

तारवट्यांच्या केशीत एक युक्तिवाद हमखास येतो: ‘सध्या माझा अशील करारावर नाही, बेकार आहे.’ त्याला उत्तर वर्षाच्या हिशेबात आहे. समजा सात महिन्यांचा करार आणि महिना ९०,००० रुपये, तर वर्षाचे ६,३०,००० झाले. त्याला बाराने भागा, ५२,५०० येतात. पोटगी दर महिन्याला लागते, त्यामुळे उत्पन्नही बारा महिन्यांवर पसरून धरावं, असं अर्जातच लिहून टाका.

मुलाचा खर्च सुटा मांडा. शाळेची फी वर्षाला १८,००० असेल तर महिन्याला १,५००. पुस्तकं-गणवेश वर्षाला ६,००० म्हणजे ५००. दूध-जेवण ४,५००, शिकवणी १,०००, डॉक्टर-औषधं ७००. बेरीज ८,२०० झाली, वर भाडं आणि विजेतला मुलाचा वाटा. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा आणि प्रत्येकामागे पावती ठेवा. मूल बालरथने, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसने, जात असेल तर बसखर्च लिहू नका. एक खोटा आकडा सापडला की समोरचा वकील उरलेल्या खऱ्या आकड्यांवरही बोट ठेवतो.

आता घोडं कुठे अडतं ते सांगतो. समन्स वास्कोच्या घरी जातं, सासू सांगते ‘तो बोटीवर’, आणि समन्स परत येतं. असे तीन-चार महिने सहज जातात. म्हणून अर्जात त्याचा ईमेल आणि व्हॉट्सअॅप नंबर द्या आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने समन्स पाठवण्याची लेखी विनंती करा, नव्या संहितेत तशी सोय आहे. एजंटचा पत्ताही द्या. नवरा मुद्दाम समन्स टाळतोय हे दिसलं तर प्रकरण त्याच्या गैरहजेरीत चालू शकतं. मात्र सबळ कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत तो तसा आदेश रद्द करायला अर्ज करू शकतो, त्यामुळे समन्स पाठवल्याचा प्रत्येक कागद फाइलला राहू द्या.

मूळ अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज द्या. नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, पण २०२० च्या त्याच निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असल्याने तो उशीर तुमच्या खिशातून जात नाही. अर्ज करायला लावलेला उशीर मात्र जातो. चवथीपासूनचे जे महिने अर्जाविना गेले त्यांची पोटगी या मार्गाने मिळणार नाही.

भांडणात मारहाण, शिवीगाळ, घराबाहेर काढणं असं काही झालं असेल तर घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्जही करता येतो. त्यात खर्चाबरोबर मुलाचा तात्पुरता ताबा (कलम २१) मिळतो, आणि नवऱ्याच्या पगारातली रक्कम मालकाने थेट तुम्हाला द्यावी असा आदेशही दंडाधिकारी देऊ शकतात. दोन्ही अर्ज केले तर एकातली मिळालेली रक्कम दुसऱ्यात सांगावी लागते. लपवू नका.

प्रश्न : पोटगीचा आदेश झाला. नवऱ्याने तीन महिने पैसे दिले आणि बंद केले. आता १६ महिन्यांचं थकलंय. तो सरकारी खात्यात नोकरीला आहे. ‘जेलमध्ये बसेन पण पैसे देणार नाही’ म्हणतो. (एक आई, केपे)

उत्तर : उद्याच वसुलीचा अर्ज द्या. कलम १४४ खाली वॉरंट काढून वसुली करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तुमचे सर्वांत जुने चार महिने त्या मुदतीबाहेर गेले आहेत आणि दर महिन्याला आणखी एक जाईल. दिवाणी डिक्रीसारखी (दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी) अंमलबजावणी करण्याचा मार्ग २०२० च्या निकालात सांगितला आहे, त्या चार महिन्यांसाठी तो वापरता येतो का हे वकिलाकडून तपासून घ्या. एकदा अर्ज दाखल झाला की तो प्रलंबित असताना वाढत जाणारी थकबाकी त्यातच मागता येते. दर महिन्याला तक्ता करा: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख, बाकी. बँकेचा उतारा सोबत जोडा.

जेलची धमकी ऐकून घाबरू नका. वॉरंटनंतरही रक्कम भरली नाही तर दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. जेलमधून आल्यावरही ती रक्कम त्याच्या नावावर तशीच उभी असते.

नवरा सरकारी नोकर असणं ही तुमची सोय आहे. पगार जप्तीचा अर्ज करा. साध्या कर्जाच्या डिक्रीत पगाराचा मोठा भाग जप्तीतून सुटतो, पण पोटगीच्या डिक्रीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो. अर्जात त्याचं खातं, हुद्दा आणि पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचा कार्यालयीन पत्ता अचूक लिहा. खात्याचं नाव चुकलं किंवा मधल्या काळात त्याची बदली झाली की आदेश टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

आणि यापुढे रोख रक्कम घेऊ नका. सासऱ्याने हातावर ठेवलेले पाच हजार पुढे कोर्टात ‘पंधरा दिले होते’ होतात.

प्रश्न : बायको चार वर्षांच्या मुलीला घेऊन बेळगावला माहेरी गेली. तीन महिने झाले, फोनवरही बोलू देत नाही. मी पैसे पाठवणं बंद केलं आहे. पोलिसांनी तक्रार घेतली नाही. मुलीचा ताबा मला मिळेल का? (एक वडील, फोंडा)

उत्तर : आधी पैसे सुरू करा, आजच, बँकेतून, ‘मुलीचा खर्च’ असा शेरा देऊन. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही, तसंच पोटगी आली नाही म्हणून आईला भेट अडवता येत नाही. हे दोन हक्क एकमेकांचे ओलीस नाहीत, दोन्ही मुलीचेच आहेत. न्यायाधीश ताब्याचा अर्ज वाचतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘या तीन महिन्यांत तुम्ही काय पाठवलंत?’ तिथे गप्प बसावं लागलं तर अर्ध्या केशीचा जीव जातो.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही यात नवल नाही. न्यायालयाचा मनाई आदेश नसताना आईने स्वतःचं मूल नेलं तर ते सहसा अपहरण ठरत नाही. हे उलटंही लागू आहे. पण तेवढ्या भांडवलावर बेळगावच्या बालवाडीतून मुलीला उचलून आणायचा विचार कुणी सुचवला तर तो मनातून काढा. असं केलेल्या बापाला पुढे भेट मिळते तीही तिसऱ्याच्या देखरेखीखाली.

अर्ज कुठे? तुमचा घटस्फोटाचा दावा गोव्यात चालू असेल तर त्याच न्यायालयात ताब्याचा आणि भेटीचा अर्ज द्या. दावा नसेल तर पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० खाली जिल्हा न्यायालयात. इथे कलम ९ आडवं येतं: मूल ‘सामान्यतः जिथे राहतं’ तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो. मुलगी जन्मापासून फोंड्यात होती आणि तीन महिन्यांपूर्वी नेली, तर ती सामान्यतः फोंड्याची आहे असं म्हणायला जागा आहे. ती तिथल्या शाळेत रुळून दीड वर्ष झालं की ही जागा अरुंद होत जाते. फोंड्यातल्या बालवाडीची पावती, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचे कागद आता गोळा करा.

ताब्याबद्दल खरं सांगायचं तर चार वर्षांच्या मुलीचा पूर्ण ताबा बापाला मिळणं कठीण. २०१५ मध्ये गोव्यातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलाचा ताबा आईकडे परत दिला. पाच वर्षांखालचं मूल आईकडे असावं, आणि तसं नको असेल तर आई का नको हे दाखवायची जबाबदारी बापाची, असं त्या निकालाचं सूत्र आहे. ‘माझा पगार जास्त’ किंवा ‘माझं घर मोठं’ ही कारणं त्याला पुरत नाहीत. व्यसन, गंभीर दुर्लक्ष, मारझोड असं काही असेल आणि त्याचा पुरावा असेल तरच त्या वाटेला जा. खोटे आरोप केले तर भेटीचा आदेशही कडू होतो.

म्हणून सगळा जोर भेटीच्या आदेशावर लावा, आणि तो नीट लिहून घ्या. ‘वडिलांना वाजवी भेट मिळेल’ असा एका ओळीचा आदेश म्हणजे पुढच्या दोन वर्षांचं भांडण. मसुद्यात काय हवं ते पहा. भेट कुठल्या शनिवारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. मुलीला कोण आणून देणार, कुठे, आणि प्रवासखर्च कुणाचा. पहिले दोन-तीन महिने बेळगावातच दोन-तीन तासांच्या भेटी, मग दिवसभर, मग गोव्यात एक मुक्काम, अशी चढती मांडणी न्यायालयांना पटते आणि लहान मुलीलाही झेपते. आणणाऱ्याला उशीर झाला तर किती मिनिटं थांबायचं, मूल आजारी असेल तर कसं कळवायचं (डॉक्टरांच्या चिठ्ठीसह) आणि हुकलेली भेट कुठल्या दिवशी भरून द्यायची. मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी. चवथीचा पहिला दिवस एका वर्षी तुमच्याकडे, दुसऱ्या वर्षी तिच्याकडे. गोव्यातल्या भेटीच्या आदेशांवरची निम्मी भांडणं चवथीलाच पेटतात, तेव्हा हे वाक्य विसरू नका. मुलीचा वाढदिवस कुणाकडे तेही लिहा.

फोनचं वेगळं मागा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं आहे की ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यायला हवं, व्हिडिओ कॉलनेसुद्धा. आदेशात वेळ ठरवून घ्या, उदाहरणार्थ संध्याकाळी ७.०० ते ७.१०, आणि कॉल कुठल्या नंबरवर लावायचा तेही. चार वर्षांचं पोर दहा मिनिटं स्क्रीनसमोर बसत नाही, दोन मिनिटांत पळतं. त्याला आईने फितवलं असा अर्थ लगेच काढू नका. त्या कॉलवर बायकोशी हिशेबाचं बोलायचं नाही हा नियम स्वतःवर घालून घ्या.

आदेश होईपर्यंत दर आठवड्याला एक सभ्य मेसेज पाठवा: ‘शनिवारी सकाळी मुलीला भेटायला येऊ का?’ उत्तर आलं नाही तरी तो मेसेज राहतो. शिव्या असलेला एक मेसेज मात्र असे सगळे पुसून टाकतो.

प्रश्न : पणजीला चिल्ड्रन्स कोर्ट आहे. ताब्याची केस तिथेच करायची ना? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : नाही. ते न्यायालय गोवा बाल कायदा, २००३ खाली मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी आहे. ताब्याच्या वादात मुलावर अत्याचार झाल्याचा खरा मुद्दा असेल तर त्या गुन्ह्यापुरतं प्रकरण तिथे जाईल, ताबा मात्र दिवाणी न्यायालयातच ठरेल.

प्रश्न : आमचं लग्न देवळात झालं. नोंदणीला पहिली सही केली, दुसऱ्या सहीला तो आलाच नाही. आता दोन वर्षांची मुलगी आहे आणि तो म्हणतो ‘लग्नच झालं नाही, मूलही माझं नाही.’ (एक आई, काणकोण)

उत्तर : गोव्यात लग्नाला दोन सह्या लागतात. पहिलीत इच्छा नोंदवायची, मुदत गेल्यावर दुसरीत लग्न पक्कं करायचं. दुसरी सही नसेल तर कायद्याच्या नजरेत लग्न अपुरं राहतं, आणि बायको म्हणून तुमचा हक्क सिद्ध करणं खडतर होईल. मुलीचं तसं नाही. कलम १४४ मध्ये ‘औरस किंवा अनौरस’ असा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे आईबापांचं लग्न झालं होतं की नाही यावर मुलीची पोटगी अवलंबून नाही. प्रश्न फक्त एकच उरतो, तो बाप आहे का?

त्यासाठी जन्मदाखला (त्यात त्याचं नाव असेल तर उत्तम), इस्पितळाच्या केसपेपरवर त्याची सही, बारशाचे फोटो, पहिल्या सहीची सब-रजिस्ट्रारकडची नोंद आणि त्याचे ‘आपली मुलगी’ म्हणणारे मेसेज जमवा. मेसेजचे स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका. मूळ फोन आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र दोन्ही लागतात.

डीएनए चाचणी मागता येते, पण मागितली की मिळतेच असं नाही. १९९३ पासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका हीच आहे की ती सरसकट होऊ नये. आधी इतर पुराव्याने प्रथमदर्शनी पाया घाला, मग अर्ज द्या. आदेश होऊनही त्याने रक्त द्यायला नकार दिला तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. वैध लग्न चालू असताना जन्मलेल्या मुलासाठी (लग्न संपल्यावर २८० दिवसांत जन्म झाला आणि आईने पुन्हा लग्न केलं नसेल तरी) कायदा बापाला आधीच बाप मानतो. तुमच्या बाबतीत तो आधार डळमळीत आहे, म्हणूनच कागद जास्त हवेत.

त्याचा काहीही संबंध नको, मुलगी एकटीनेच वाढवायची असं ठरवलंत तर तोही मार्ग आहे. जुलै २०१५ च्या निकालानुसार अविवाहित आईला बापाला नोटीस न पाठवता पालकत्व मागता येतं.

प्रश्न : परस्पर संमतीने घटस्फोट घेताना ‘मुलासाठी काही मागणार नाही’ असं मी लिहून दिलं होतं. आता मुलगा दहावीत आहे. मी शिक्षिका आहे, पगार ४०,०००. त्याचा ८०,०००. आता मागता येईल का? (एक आई, म्हापसा)

उत्तर : येईल. पोटगी हा मुलाचा हक्क आहे, तो आईला परस्पर सोडून देता येत नाही. तुमच्या सहीने तुम्ही बांधल्या गेलात, मुलगा नाही. अर्ज मुलाच्या नावाने, तुमच्यामार्फत करा.

तुमचं स्वतःचं उत्पन्न आहे म्हणून तो सुटणार नाही, पण सगळा खर्चही त्याच्यावर पडणार नाही. दोघं कमावत असतील तर खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात वाटावा असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटलं, आणि त्या प्रकरणात बापाचे दोन भाग, आईचा एक असं प्रमाण धरलं. तुमच्याकडे तेच प्रमाण आहे. मुलाचा खर्च महिन्याला १५,००० असेल तर १०,००० ची मागणी सरळ बसते. ‘पगाराच्या २५ टक्के’ हा आकडा बऱ्याच पत्रांत आला आहे. तो २०१७ च्या एका निकालातला आहे, बायकोच्या पोटगीबद्दलचा. मुलासाठी असं ठरलेलं टक्केवारीचं सूत्र नाही.

मुलगा दहावीत, म्हणजे दोन-तीन वर्षांत १८ पूर्ण होतील. कलम १४४ मध्ये सज्ञान मुलासाठी तरतूद आहे ती शारीरिक वा मानसिक कारणाने स्वतःला सांभाळू न शकणाऱ्यासाठी. इंजिनिअरिंगची फी त्यात बसवणं कठीण. त्यामुळे आता तडजोडीची बोलणी झाली तर ‘पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत फी आणि वसतिगृहाचा खर्च अमुक प्रमाणात, महाविद्यालयाची मागणीपावती दाखवल्यापासून १५ दिवसांत’ असं कलम कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे न्यायालयात द्यायच्या तडजोडीच्या लेखी अटींत, घालून घ्या. दरवर्षी ठरावीक टक्के वाढही त्यातच लिहा, नाहीतर वाढीसाठी पुन्हा न्यायालयात जावं लागतं.

प्रश्न : नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, स्विंडनमध्ये आहे. सुट्टीवर येऊन आठ वर्षांच्या मुलाला ‘फिरायला’ नेतो म्हणतो. परत आणणार नाही अशी भीती वाटते. (एक आई, मडगाव)

उत्तर : भीती असेल तर आत्ताच हालचाल करा, मूल गेल्यावर फार थोडं हातात उरतं. मुलं परत मिळवण्यासाठीच्या १९८० च्या हेग करारात ब्रिटन आहे, भारत नाही. त्यामुळे गोव्यातून नेलेलं मूल त्या कराराखाली मागता येत नाही. तुम्हाला इंग्लंडमध्ये वकील करून तिथल्या न्यायालयात स्वतंत्र अर्ज करावा लागेल, आणि तो खर्च पौंडात असतो.

विमानतळावर अडवतील यावर विसंबू नका. दाबोळी असो वा मोपा, मूल आपल्याच बापाबरोबर जात असताना इमिग्रेशनवाला आईची संमती विचारेलच असं नाही. अडवणारी गोष्ट म्हणजे न्यायालयाचा आदेश. ‘न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला गोव्याबाहेर नेऊ नये आणि त्याचा पासपोर्ट न्यायालयात जमा करावा’ अशी तातडीची मागणी करा. आदेशाची प्रमाणित प्रत पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात आणि पोलिसांकडे पोचवा, पोच घ्या.

मुलाचा भारतीय पासपोर्ट अजून काढलेला नसेल तर अर्जासोबतच्या परिशिष्ट ‘ड’वर, म्हणजे अॅनेक्शर डीवर, दोघांच्या सह्या लागतात. फॉर्म न वाचता सही करू नका. एकाच पालकाने अर्ज करायचा असेल तर अॅनेक्शर सी असतं, त्यात दुसऱ्याची संमती का नाही ते जाहीर करावं लागतं. म्हणूनच तुमचा आक्षेप लेखी आणि आधीच पासपोर्ट कार्यालयात गेलेला बरा. नवरा मुलाच्या पोर्तुगीज कागदांची गोष्ट काढत असेल तर तेही अर्जात नमूद करा: भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि परदेशी पासपोर्ट मुलाच्या हाती आला की भारतीय पासपोर्ट जमा करून काही साधत नाही.

प्रश्न : मुलगा अपघातात गेला. सुनेने दुसरं लग्न केलं, नातवाला भेटू देत नाही. आम्हाला हक्क आहे का? (आजी-आजोबा, सांखळी)

उत्तर : आई हयात आणि सक्षम असताना ताबा मिळणं अवघड. भेट मात्र मागता येते. नातवाच्या हिताची आहे असं दिसलं तर न्यायालयं ती देतात. महिन्यातून एक रविवार आणि चवथीचा एक दिवस एवढीच मागणी ठेवा. तुमच्या मुलाच्या मालमत्तेत नातवाचा वाटा आहेच. त्यावरून सुनेशी वाद चालू असेल तर तो वाद भेटीच्या अर्जात आणू नका, अर्ज मालमत्तेसाठी केलाय असा संशय येतो.

प्रश्न : वकिलाला द्यायला पैसे नाहीत. (एक आई, सत्तरी)

उत्तर : महिला आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. आधार कार्ड, लग्नाचा आणि मुलाचा जन्मदाखला आणि घडलेल्या गोष्टी तारखांसह लिहिलेला एक कागद सोबत न्या. नेमलेला वकील तारखांना येत नसेल तर समितीला लेखी कळवा, वकील बदलून मिळतो.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे. तिला माझ्याकडे राहायचंय. ती स्वतः न्यायाधीशांना सांगू शकते का? (एक वडील, कुडचडे)

उत्तर : हो. मूल विचार करून मत देण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ते मत लक्षात घेऊ शकतं, असं १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. मूल सांगेल तसंच होईल असा त्याचा अर्थ नाही. न्यायाधीश बहुधा तिला आपल्या दालनात एकटीलाच बोलावतात, वकील आणि आईबाप बाहेर. तिथे शाळा, मैत्रिणी, सकाळी डबा कोण करतं, अभ्यास कोण घेतं, अशा गोष्टी निघतात. तिला काहीही पाठ करून घालू नका. १३ वर्षांची मुलगी ‘आई माझ्या सर्वांगीण विकासाकडे दुर्लक्ष करते’ असं म्हणाली की ते वाक्य कुणाचं हे समोरच्याला लगेच कळतं, आणि मग तिचं खरं म्हणणंही वाया जातं. तारखेच्या दिवशी तिला परीक्षा असेल तर आधीच अर्ज देऊन तारीख बदलून घ्या.